समुद्र नाही, मोठी नदी नाही, राजधानी नाही, मग अकोला एवढं वाढलं कसं?

प्रश्न असा आलाय की अकोल्याला ना बंदर, ना बारमाही वाहणारी नदी, ना कधी राजधानीचा मान, चहुबाजूंनी नुसती काळी कोरडवाहू जमीन, तरी एवढं मोठं शहर तिथं उभं कसं राहिलं, आणि त्याच वऱ्हाडातली बाळापूर, कारंजा, अचलपूर ही जुनी नावाजलेली गावं मागं का पडली. माझं सगळं आयुष्य कापसाच्या ग्रेडिंगमध्ये गेलं, आधी जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मग खरेदीच्या बाजूला, आणि गॅझेटियर अन् जुने नकाशे वाचायचा नाद त्यातूनच लागला, त्यामुळे माझं उत्तर कापसाच्या बाजूनं येणार हे आधीच सांगतो.

बहुतेक लोक एका शब्दात उत्तर देतात, रेल्वे. ते चूक नाही पण अर्धवट आहे. रेल्वे खामगावलाही होती, कारंजालाही आली, अचलपूरलाही गेली. आणि "कापूस पिकायचा म्हणून शहर झालं" हे तर अजूनच कच्चं उत्तर, कारण कापूस पूर्णेच्या खोऱ्यात गावोगाव पिकतो अन् ती गावं गावंच राहिली. पीक कुठं पिकतं यावर शहर ठरत नाही. पिकाचं रूप कुठं बदलतं, त्याचा भाव कुठं कळतो आणि त्यावरून भांडण झालं तर निकाल कुठं लागतो, या तीन गोष्टी एका जागी आल्या की तिथं शहर होतं. अकोल्यात त्या तिन्ही साधारण एकाच वीस-तीस वर्षांच्या काळात आल्या.

पहिली गोष्ट वजनाची. शंभर किलो कापूस जिनमध्ये घातला की रुई निघते ३३ ते ३५ किलो, सरकी साधारण ६०-६२ किलो, बाकी कचरा अन् घट. म्हणजे मुंबईच्या किंवा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना जो माल पाहिजे तो शेतातून निघालेल्या वजनाच्या फक्त एक तृतीयांश. उरलेलं दोन तृतीयांश रेल्वेचं भाडं भरून मुंबईला कोण नेईल? म्हणून जिन हे पिकाच्या जवळच लागतात. पण जिनमधून निघालेली रुई फुगलेली असते, डबा भरून जातो अन् वजन काहीच भरत नाही, म्हणून ती दाबून गाठ बांधायला प्रेस लागते, अन् प्रेस एवढी महागडी की ती गावोगाव बसवणं शक्यच नाही, ती स्टेशनजवळच पाहिजे. आता गाठ १७० किलोची असते, जुनी गाठ ३९२ पौंडाची, दोन गाठी म्हणजे ७८४ पौंडांची खंडी, आणि बाजारात आजही भाव बोलताना खंडीच बोलतात, ३५६ किलोची.

आता जरा मागं जाऊ. रेल्वेच्या आधी वऱ्हाडचा कापूस जायचा कसा तर लमाणांच्या बैलांवर. बराचसा माल जायचा गंगेकाठी मिर्झापूरला, तिथून पुढं नावेनं बंगालकडं. मुंबईकडं मोठा माल पहिल्यांदा गेला १८२५-२६ मध्ये, विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी पाचशे बैलांवर लादून पाठवला, प्रत्येक बैलावर २४० पौंड. विचार करा, पाचशे बैलांचा तांडा, घाट उतरून कोकणात जाणार, वाटेत चारा-पाणी मिळेल तिथं मुक्काम, पोती उतरवायची, पुन्हा लादायची, मधेच पाऊस आला तर रुईत माती अन् ओल, आणि एवढं करून माल किती तर १ लाख २० हजार पौंड, म्हणजे आजच्या हिशोबानं सव्वातीनशे गाठींच्या आतच. अशा काळात व्यापाराचं गाव कोणतं होणार? जिथं तांड्याचे रस्ते मिळतात, जिथं सावकार आहे, जिथं माल सुरक्षित राहील असा कोट आहे, अन् मुख्य म्हणजे जिथं सत्ता बसते. बाळापूर तसं होतं, मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर किल्ला, मुघलांच्या काळात मोठं ठाणं, मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आजही तिथं नदीकाठी उभी आहे. कारंजा लाड व्यापाऱ्यांचं, श्रीमंत पेठ. अचलपूर तर इमादशाहीची राजधानी अन् पुढं वऱ्हाड सुभ्याचं ठिकाण.

त्या मानानं अकोला म्हणजे मोर्णेच्या काठचं कोट असलेलं एक बाजाराचं गाव. किल्ल्याला असदगड म्हणतात, औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावावरून. वेशींची नावं बघा, दहीहांडा वेस, अगर वेस, म्हणजे त्या वेशीतून निघालेला रस्ता ज्या गावाला जातो त्या गावाचं नाव वेशीला. आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार आणि त्यांना जोडणारे रस्ते, एवढंच त्याचं भांडवल.

बदल सुरू झाला १८५३ पासून. निजामावरच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, आणि त्याच वर्षी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, हा योगायोग म्हणा. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी, मुंबईत भाव कुठल्या कुठं गेले. इथं एक गोष्ट लक्षात घ्या जी बरेच लोक उलटी सांगतात, की अमेरिकन युद्धाच्या तेजीनं वऱ्हाडातली शहरं बांधली. तारखा जुळवून बघा. युद्ध संपलं १८६५ ला, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या, आणि रेल्वे भुसावळहून वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली १८६७ ला. म्हणजे तेजीचा बराचसा पैसा इथं आला तो बैलगाडीनंच. तेजीनं एक केलं, वऱ्हाडचा कापूस ही सरकारच्या काळजीची गोष्ट झाली, त्यासाठी खास कॉटन कमिशनर नेमला गेला. शहर बांधलं ते तेजीनंतरच्या मंदीतल्या रोजच्या, कंटाळवाण्या व्यापारानं.

रेल्वेची लाईन पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून ओढली, सोपं पडतं म्हणून. शेगाव, पारस, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. बाळापूरला बगल मिळाली, खामगाव अन् अमरावती पण मुख्य लाईनच्या बाहेर राहिली. खामगाव तेव्हा वऱ्हाडातला कापसाचा सगळ्यात मोठा बाजार, युरोपियन कंपन्यांचे एजंट तिथं बसलेले, म्हणून त्याच्यासाठी जलंबपासून वेगळा फाटा टाकला अन् १८७० ला त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. कापसाच्या बाजारासाठी व्हाइसरॉय! त्या वर्षी कुणाला विचारलं असतं की पुढं मोठं शहर कोणतं होईल तर दहातल्या नऊ जणांनी खामगावच सांगितलं असतं. १९०१ च्या खानेसुमारीत खामगाव १८ हजारांवर, अकोला २९ हजारांवर. आणि २०११ ला खामगाव लाखाच्या आत, अकोला सव्वाचार लाखांच्या पुढं.

का? खामगावचा फाटा खामगावलाच संपतो. माल जातो मुंबईकडं, त्यासाठी फाटा पुरतो, पण जाता येता थांबणारी वर्दळ मिळत नाही. अकोला मुख्य लाईनवर, दक्षिणेकडून वाशिमचा रस्ता, उत्तरेकडून अकोटचा, दोन्ही बाजूंच्या गाड्या इथंच उतरणार. आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे जिल्ह्याचं ठाणं अकोल्याला. कलेक्टर, कोर्ट, खजिना, रजिस्ट्रार. आता तुम्ही म्हणाल कोर्टाचा अन् कापसाचा काय संबंध. खूप आहे, तिन्हींतली निकालाची गोष्ट ती हीच. इंग्रजांनी १८६० नंतर वऱ्हाडात मोजणी करून रयतवारी लावली, जमीन शेतकऱ्याच्या नावावर झाली, म्हणजे ती विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली, म्हणजेच जप्तही होऊ लागली. मारवाडी सावकार बियाण्याला, लग्नाला, शेतसाऱ्याला पैसे देणार, तारण जमीन, अन् हप्ता चुकला की केस अकोल्याच्या कोर्टात. त्यासाठी वकील आला, कारकून आला, स्टॅम्प विकणारा आला, तारखेला आलेल्या कर्जदारासाठी खानावळ आली. वऱ्हाडातल्या या शहरांच्या वाढीत शेतकऱ्याच्या कर्जाचा वाटा कापसाच्या नफ्याइतकाच आहे असं माझं मत, कुणाला कडू वाटेल पण जुने दस्त चाळले की तेच दिसतं. अमरावतीचंही तसंच, मुख्य लाईनवर नसून वाढली कारण कमिशनर तिथं बसला, नुसत्या रेल्वेचा सिद्धांत तिथं साफ पडतो.

दुसरी गोष्ट भावाची. १८७० ला मुंबई अन् लंडन समुद्री तारेनं जोडली गेली, १८६९ ला सुएझ कालवा उघडला होताच. आता इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या कापूस बाजाराचा भाव तारेनं अकोल्याच्या स्टेशनवर येऊ लागला. रॅली ब्रदर्स, फोल्कार्ट अशा कंपन्या थेट वऱ्हाडात एजंट ठेवून खरेदी करू लागल्या. शेतकऱ्याला तार वाचता येत नव्हती, अडत्याला यायची, अन् बाजारातली सगळी ताकद त्या दोन-चार तासांच्या फरकात. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडी रुईला ऊमरा म्हणायचे, उमरावती म्हणजे अमरावतीवरून, अन् पिकलेली अकोल्याची असो की वणीची, लेबल तेच.

मालाचा दर्जा हा माझा प्रांत, म्हणून इथं थोडा जास्त थांबतो. वऱ्हाडात आधी बनी नावाचा देशी कापूस असायचा, धागा लांब अन् मऊ, पण उशिरा यायचा आणि उतारा कमी. मग आली जरी, आखूड अन् जाडीभरडी, पण लवकर येणारी, भरपूर येणारी. इंग्रज अधिकारी शेतकऱ्याला दोष देत राहिले की चांगला कापूस सोडून भिकार लावतो. पण बाजारात अडत्या भाव देताना बघत होता उतारा, म्हणजे शंभराला रुई किती पडणार, धाग्याच्या लांबीचे पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतच नव्हते. मग पुढं रोझियम आला, धागा आखूडच पण उतारा चाळीसच्या आसपास, आणि जपानच्या गिरण्या तोच माल उचलत होत्या. शेतकऱ्याचं गणित बरोबर होतं. धागा कसा बघतात माहीत आहे का, चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरायची, ओढून तोडायची, एका हातातलं टाकून द्यायचं, उरलेलं पुन्हा पुन्हा ओढून तंतू सरळ एका रेषेत आणायचे, मग काळ्या कपड्यावर ठेवून मापायचे. सवय झाली की मापायची पण गरज नाही, तोडताना जो आवाज अन् जो ताण बोटाला लागतो त्यावरूनच कळतं. हे ज्ञान शंभर वर्षं फक्त घेणाऱ्याच्या बोटात होतं, विकणाऱ्याच्या नाही.

बाजाराचे कायदेही याच भागातून सुरू झाले. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार म्हणून कारंजाचं नाव घेतात, १८८६, आणि मग १८९७ ला वऱ्हाडचा कापूस अन् धान्य बाजार कायदा. ऐकायला शेतकऱ्याच्या भल्याचं वाटतं. पण समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचं होतं, कायद्याचा हेतू मुख्यतः हा की गिरण्यांना भेसळ नसलेला माल ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापानं मिळावा. तरी फायदा झालाच, उघड्यावर हर्रास होऊ लागला, मापारी परवान्याचा झाला, कडता अन् धर्मादा यांच्या नावाखाली किती कापायचं याला थोडी तरी मर्यादा आली. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं प्रत्येक गाठीवर प्रेसचा मार्क अन् नंबर आला, पाणी मारलेला किंवा भेसळीचा माल निघाला तर कुठल्या प्रेसचा ते शोधता येऊ लागलं.

जिन आल्यावर खेड्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही. त्याआधी सरकी काढायचं काम घरोघरी बायका हातानं फिरवायच्या लाकडी चरकीवर करायच्या, मजुरी घरात यायची अन् सरकी गावातच राहायची, बैलाला, म्हशीला. वाफेवरचे जिन आले तसा कापूस सरकीसकट शहरात जाऊ लागला. मग शहरात सरकीच्या तेलघाण्या, ऑइल मिल, अन् शेतकरी तीच सरकी ढेपेच्या रूपानं पैसे देऊन परत नेणार. त्या बायकांपैकी कित्येक पुढं शहरातल्या जिनमध्येच रोजानं दिसू लागल्या, रुईच्या धुळीत. अकोल्याचा विस्तार नकाशावर बघितला तर हेच दिसतं, मोर्णेच्या पश्चिमेला जुनं शहर, कोट, वेशी, अन् पूर्वेला ताजनापेठ, सरकारी बंगले, स्टेशन, जिन-प्रेस अन् गोदामं. नदी ओलांडली की शतक बदलतं. सावतराम मिल ही कापड गिरणीही झाली, पण खरं सांगायचं तर अकोला कापड विणणारं शहर कधीच झालं नाही. रुई बांधून पाठवणारं झालं. पक्क्या मालाचा नफा मुंबई, अहमदाबाद अन् परदेशात गेला, इथं राहिली अडत, भाडं, व्याज अन् हमाली. सावतराम मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेली अन् पुढं बंदच पडली.

पाण्याचं एक सांगायलाच पाहिजे कारण त्याशिवाय इथलं पीकच कळत नाही. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे, विहीर खणली तरी पाणी खारट, पिकाला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे कडक अन् नापीक होते. म्हणून ऊस नाही, बागायत नाही, पश्चिम महाराष्ट्रासारखे साखर कारखाने अन् त्यांच्याभोवतीचं राजकारण नाही. पावसावर येणारा कापूस, तूर, ज्वारी, मूग. एक पीक, एक हंगाम, वर्षाचा सगळा पैसा दिवाळी ते होळीत येणार. शहराचंही कॅलेंडर तेच, कापड दुकानं, सोनार, लग्नं, सगळं वेचणीच्या मागोमाग. १८९९-१९०० च्या दुष्काळात असं एका पिकावर उभं असणं म्हणजे काय हे वऱ्हाडानं बघितलं, पैसा मिळवून देणारं पीक होतं पण खायला धान्य नव्हतं. शहराला स्वतःला प्यायला पाणी आज काटेपूर्णेच्या महान धरणातून येतं, आणि पाऊस कमी झाला की चार-पाच दिवसांआड नळ हे अकोलेकराला नवीन नाही.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात. खांडवा-पूर्णा मीटरगेज लाईन अकोल्यावरून पूर्ण झाली अन् गाव खऱ्या अर्थानं जंक्शन झालं. कृषी विद्यापीठ विदर्भात पाहिजे म्हणून मोठं आंदोलन झालं, आणि १९६९ ला अकोल्यात ते आलं, त्याला पंजाबराव देशमुखांचं नाव मिळालं. मग १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी. राज्यात कापूस फक्त सरकारी योजनेलाच विकायचा, खासगी व्यापार बंद. सुरुवातीला शेतकऱ्याला हमीभावाचा आधार वाटला, पण चुकारे हप्त्यानं मिळायचे, उशीर व्हायचा, अन् शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्रीच्या गाड्या सीमेपार जायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. शहरावर झालेला परिणाम कमी बोलला जातो. जिनवाला स्वतःच्या हिमतीचा व्यापारी होता तो योजनेसाठी ठरलेल्या दरानं मजुरीवर जिनिंग करणारा झाला. मशीन सुधारण्यात त्याला काही फायदा उरला नाही. ज्याच्याकडं पैसा होता त्यानं तो दालमिलमध्ये घातला असं माझं निरीक्षण आहे, तूर तर इथली होतीच. आज अकोल्याची ओळख कापसापेक्षा डाळीची जास्त आहे.

२००० नंतर योजना हळूहळू गुंडाळली गेली, केंद्र सरकारच्या कापूस टेक्नॉलॉजी मिशनच्या मदतीनं नवीन जिन बसले, ते सगळे शहराबाहेर हायवेला, एमआयडीसीकडं. शहरातल्या जुन्या जिनच्या जागा मोठ्या, स्टेशनजवळच्या, मोक्याच्या. तिथं फ्लॅट, मंगल कार्यालयं, शोरूम. कुठं एवढं मोठं कंपाउंड अन् जुनी दगडी भिंत दिसली तर समजा तिथं कापूस होता. २००२ ला बीटी कापसाचं बियाणं आलं, त्याच सुमारास सोयाबीन पसरलं, आणि सोयाबीनला ना वेचणीची मजूर लागते ना जिन, काढलं, पोत्यात भरलं, ट्रकमध्ये टाकलं. कापूस एका क्विंटलमागं शहरात जेवढे हात राबवतो त्याच्या चौथाईसुद्धा सोयाबीन राबवत नसेल, हा माझा अंदाज.

अचलपूरचं राहिलं. तिथं राजधानी होती पण मुख्य लाईन फार दक्षिणेनं गेली, अन् विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी आली ती मूर्तिजापूरहून नॅरोगेज, आपली शकुंतला, किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीची, दुसऱ्या बाजूनं कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी. म्हणजे अचलपूर अन् कारंजा दोघांचाही माल मूर्तिजापूरला उतरवून पुन्हा मोठ्या गाडीत भरावा लागायचा. दोनदा हमाली, दोनदा वाट बघणं. अकोल्यातल्या व्यापाऱ्याला हा खर्च नव्हता, आणि एका खंडीमागं तेवढाच फरक पुरतो, व्यापारी पुढच्या पिढीला कुठं दुकान काढून द्यायचं ते त्यावरच ठरवतो. शकुंतला गेली काही वर्षं बंदच आहे, ब्रॉडगेज करा म्हणून मागणी चालू आहे.